सुतकाची रजा

परभणीला बदली झाल्यावर वसमत रोडच्या बाजूला ज्यांच्या वरच्या मजल्यावर मी सात वर्षं भाड्यानं राहिलो, त्या मालकांना जगात एकाच गोष्टीचा हेवा वाटायचा. माझ्या रजेचा. पगाराचं त्यांना काही नव्हतं. पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाला मुळात पगार कशाचा मिळतो, हेच त्यांना कळत नसे. पण डिसेंबर संपत आला की जिन्याखालून हाक यायची, "साहेब, सुट्ट्यांची यादी निघाली का?" यादी हातात पडली की ते खुर्ची उजेडात ओढायचे, चष्मा पुसायचे आणि पोथी वाचावी तशी ती मोठ्यानं वाचायचे. एखादी सुट्टी रविवारी आलेली दिसली की त्यांचा चेहरा पडायचा. "अरारा! ही वाया गेली बगा तुमची," म्हणत ते त्या ओळीवरून बोट फिरवायचे. अर्जित रजा, किरकोळ रजा, वैद्यकीय रजा हे शब्द त्यांना माझ्यापेक्षा चांगले पाठ होते. स्वतःच्या आयुष्यात त्यातली एकही त्यांनी घेतली नव्हती, कारण अर्ज कुणाकडे करायचा हेच ठरत नव्हतं.

मालक लग्नपत्रिका करायचे, आणि घरातच करायचे. बैठकीच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीवर नमुने आणि समोर गिऱ्हाइकांसाठी एक दिवाण. मजकूर तेच लिहीत, नावं तेच लावत, मोबाईलवर पाठवायची सनईवाली पत्रिकाही तेच करत. छपाई तेवढी बाहेरून होई. आता आमच्याकडची पत्रिका म्हणजे काय प्रकरण असतं हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. वर आणि वधू मिळून नावं दोन, आणि त्यांच्या खाली दीडशे. चुलते, मामे, आजी-माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि सगळ्यात शेवटी ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी सात-आठ लेकरं, ज्यातलं एखादं अजून जन्मायचं असतं. कुणाचं नाव कुणाच्या वर, यावरून चार-चार दिवस फोन चालत. त्यामुळे पत्रिका करून दिली आणि संपलं, असं कधी व्हायचंच नाही.

पण नावांपेक्षा मोठा घोटाळा होता तो घराचा. दुकानदाराचं शटर खाली असलं की माणसं मुकाट्यानं परत जातात. घरात काम करणाऱ्याच्या दाराला मात्र दार समजायची आपल्याकडे पद्धत नाही. मालक जेवायला बसले की दिवाणावर माणूस. मालक आंघोळीला गेले की न्हाणीच्या दाराशी माणूस, "आंघोळ निवांत करा, फक्त धाकट्या मामाला वर घ्या." एकदा मालकांना सणकून ताप भरला. पाथरीचे एक गृहस्थ मोसंबी घेऊन भेटायला आले. अर्धा तास बसले, कपाळावरची ओली पट्टी स्वतःच्या हातानं बदलली, आणि मग पांघरुणासकट मालकांना उठवून कॉम्प्युटरपुढं बसवलं. "मी मोसंबी सोलतो, तुमी तेवढं नाव बदला." मालकांनी नाव बदललं. वर मला म्हणाले, "पण माणूस प्रेमळ हाय हां."

उपाय त्यांनी सगळे करून पाहिले. गेटला पाटी लावली: वेळ सकाळी अकरा ते पाच, रविवार बंद. लोक थांबून पाटी वाचत, झकास आहे म्हणत, आणि आत येत. एकाला तर पाटीवरचं अक्षर इतकं आवडलं की त्यानं पत्रिकेला तेच लावून मागितलं. मग एकदा काकूंनी, म्हणजे मालकांच्या मंडळींनी, बाहेरून कुलूप लावून बाजार गाठला आणि मालक आत चोरासारखे बसले. पूर्णेकडचं एक जोडपं आलं. कुलूप पाहिलं, ‘येतील की’ म्हणून ओट्यावर बसलं आणि डबा सोडला. तासभर आत मालक श्वास रोखून आणि बाहेर ठेच्याचा वास. शेवटी त्यांना शिंक आली. "हायेत की आत!" बाई आनंदानं म्हणाली. "दादा, कुलूप राहू द्या, आपण खिडकीतून बोलू." खिडकीच्या गजांतून दीड तास मजकूर ठरला.

पुढं मोबाईलवर कुणीतरी टाय घातलेला माणूस सांगताना त्यांनी ऐकलं, की घरून काम करणाऱ्यानं काम आणि घर यांच्यामध्ये रेघ ओढायला शिकलं पाहिजे. मालक शब्दाचे पक्के. त्यांनी खडू आणला आणि दिवाण आणि स्वयंपाकघराचं दार यांच्यामध्ये, फरशीवर, सरळ रेघ ओढली. संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर रेघेच्या अलीकडे पाच जोड चपला ओळीनं लावलेल्या आणि पाच माणसं रेघेच्या पलीकडे मांडी घालून बसलेली. मी इतका हसलो की मालकांनी दोन दिवस मला चहाला बोलावलं नाही.

या माणसाला सुट्टी सापडली ती एका खऱ्या मरणात. ताडकळस हे त्यांचं मूळ गाव. तिथं त्यांचे सख्खे चुलते वारले. मालक गेले, सावडायचं उरकून तिसऱ्या दिवशी घरी आले. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. तोवर मानवतचा एक जण मजकूर घेऊन गेटाशी हजर. त्यानं कडीला हात घातला आणि काकू आतून म्हणाल्या, "सुतक हाय आमाला." त्या माणसानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. बरोबरच होतं. सुतकातल्या हातानं लिहिलेली लग्नाची पत्रिका कोण घरात नेऊन देवापुढं ठेवणार? "मग सुतक फिटल्यावर येतो," तो म्हणाला आणि गेला. कुरकुर नाही, घासाघीस नाही, खिडकी नाही. मालक दारात उभे राहून त्याच्या पाठीकडं बघत राहिले. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत जे पाणी होतं त्यातलं चुलत्यांचं किती आणि दुसरं किती, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही.

पुढचे सात दिवस त्या घरात कुणी फिरकलं नाही. मालक दुपारचे झोपले. संध्याकाळी गच्चीवर आले, बादलीत गार पाण्यात पाय सोडून बसले आणि म्हणाले, "साहेब, ही मला वीस वर्षांत पहिली रजा मिळाली. आन ती बी मंजूर करायला माणूस जावा लागला."

तिथून गाडी घसरली. सुतकाची प्रतवारी त्यांनी माझ्याच भाषेत लावली. भावकीचं, जवळची असो की लांबची, दहा दिवसांचं म्हणजे अर्जित रजा. मामा-मावशीकडचं तीन दिवसांचं, ती किरकोळ. नुसती आंघोळ करून सुटतं ते अर्ध्या दिवसाचं. मधे त्यांनी भावकीत मूल जन्मल्यावर सोयर पाळूनही पाहिलं, पण तिथं गिऱ्हाइकं ऐकेनात. "लेकरू झालं, आनंदच हाय की," म्हणून पेढा खाऊन दिवाणावर बसत. म्हणजे जन्माचा काही उपयोग नव्हता.

अडचण अशी की मालकांचं जवळचं घराणं लहान, आणि त्यातली माणसं काटक. वर्षातून एखादी रजा निघाली तरी पुष्कळ. पण ताडकळसला त्यांच्याच आडनावाची दुसरी मोठी फांदी होती, चाळीसेक घरांची. त्यांच्याशी मालकांच्या आजोबांच्या काळातच सुतक तुटलं होतं. पिढ्या लांबल्या की दोन्ही घरची म्हातारी माणसं एकत्र बसतात आणि आता एकमेकांचं सुतक धरायचं नाही असं ठरवून टाकतात, त्यातलाच प्रकार. त्यात भांडण नसतं. पण भर लग्नसराईत त्या फांदीतला एक म्हातारा गेला आणि मालकांनी गेटाशी आलेल्या माणसाला दोन बोटं कपाळाला लावून सांगितलं, "सुतक लागलंय."

एवढ्यावर थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण काम नेटकं करायची खोड. ते दहाव्याला ताडकळसला गेले, चाळीस घरांच्या पुरुषांमध्ये बसून डोकं भादरून घेतलं. त्या फांदीत सगळ्यात थोरले होते आप्पा, नव्वदीच्या घरातले. आप्पांना सुतक तुटल्याचं पक्कं आठवत होतं. परभणीत कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस उठून येतो आणि तोडलेलं पुन्हा धरतो, हे पाहून म्हातारा हरखून गेला. त्यांनी मालकांच्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यानं जोडलं रे!"

मालकांनी हे मला गच्चीवर सांगितलं आणि म्हणाले, "साहेब, कुणाला बोलू नका. तुमच्या काकूला बी न्हाई." मी शब्द दिला आणि हसलो. मला फार मजा वाटली होती, हे आता कबूल करतो.

नंतर मालकांनी त्या फांदीची वंशावळ तयार केली. सवयीप्रमाणे वर गणपती, कडेला तोरण आणि खाली कलश. ऐंशीच्या पुढच्या प्रत्येक नावाजवळ तांबडा ठिपका. कुणाचा दमा वाढला, कुणाचं खुब्याचं हाड मोडलं, कुणी जेवण टाकलं, याची बातमी त्यांना आधी लागायची. फोनवर ते इतक्या मायेनं चौकशी करत की ताडकळसची म्हातारी माणसं पोटच्या लेकरांना सोडून यांना दुखणी सांगत. लग्नसराईच्या तोंडावर ते एका हातात पंचांग आणि एका हातात वंशावळ घेऊन बसायचे. "यंदा एप्रिल कोरडाच दिसायलाय," असं म्हणून त्यांनी एकदा खरोखर उसासा टाकला होता. आणि पावसाळ्यात, कामधंदा नसताना कुणी गेलं, तर तेही सुतक ते निमूट पाळत. एक सोडलं असतं तर पुढचं कुणी खरं मानलं नसतं.

त्या दहा दिवसांत मालक दुसरेच माणूस असत. मुलीला, म्हणजे शीतलला, शेजारी बसवून तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगत. माझ्याबरोबर गच्चीवर रमी खेळत. मी तर एक-दोनदा माझी किरकोळ रजा टाकून त्यांच्या सुतकाला सोबत केली. गेटाशी येणारी माणसं आवाज हलका करून परत जायची आणि आम्ही वरून त्यांच्या टोप्या बघत पानं पिसायचो.

मग शीतलचं लग्न ठरलं. मुलगा सेलूचा, फौजेत. मुलगी बघायला आले तेव्हा मालकांनी त्याला पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. पहिला प्रश्न, "रजा किती मिळते?" त्यानं सांगितली. वार्षिक वेगळी, किरकोळ वेगळी, प्रवासाचे दिवस वेगळे. मालकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहून काकूंनी आत साखरेचा डबा काढला.

मुलाच्या वडिलांना मालक आधीपासून ओळखत होते, किंवा ते मालकांना. दोन वर्षांपूर्वी थोरल्या मुलाच्या लग्नाची पत्रिका करून घ्यायला ते सेलूहून सकाळच्या गाडीनं आले होते आणि मालकांनी त्यांना गेटावरून परत लावलं होतं. ताडकळसच्या त्याच फांदीतली तुळसाक्का नावाची म्हातारी आदल्या दिवशी गेली होती. हे सेलूला परतले, दुसरीकडं पत्रिका केली, त्यात यांच्या साडूचं नाव राहिलं, आणि साडू अजून बोलत नाही. पण यांच्या मनात अढी नव्हती. उलट बैठकीत सगळ्यांना सांगत होते, "लांबच्या म्हातारीचं सुतक धरून आलेलं काम परत लावणारं घर हाय हे. असं रीतीचं घर आता मिळत न्हाई. मी तवाच ठरवलं, सोयरीक करायची तर हितंच." मालक खाली मान घालून पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. लोकांना वाटलं, किती विनय.

लग्न वर्षभर लांबलं, कारण फौजीची रजा मंजूर होईना. शेवटी झाली. सराईतला अगदी शेवटचा मुहूर्त, रविवारचा. दोनच दिवसांनी, मंगळवारी, त्यानं गाडी धरायची. शीतलनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या. त्या पोरीनं वर्षभर फोनवर संसार केला होता. मालकांनी जन्मात केली नसेल अशी पत्रिका केली, आणि ताडकळसच्या चाळीस घरांतलं एकही नाव गाळलं नाही.

लग्नाआधीच्या बुधवारी सकाळी ताडकळसहून मोटारसायकलवर नामदेव आला. नामदेव म्हणजे आप्पांचा मुलगा. तो अंगणातच उभा राहिला, आत येईना. मग सांगितलं, "काका, पहाटे आप्पा गेले."

ही बातमी सेलूला कुणी कळवली कोण जाणे. दुपारी पाहुणे, म्हणजे मुलाचे वडील, हजर. देवक बसलेलं असतं तर शास्त्रानं सुटका होती, पण देवक शनिवारी बसणार होतं. म्हणजे सुतक लागलं तर रविवार गेला, रविवार गेला तर मंगळवारी मुलगा गेला, आणि पुढची रजा कधी, ते त्याच्या साहेबाला ठाऊक. बैठकीत दिवाणावर पाहुणे, खाली सतरंजीवर नामदेव, कॉम्प्युटरच्या खुर्चीवर मालक, आणि दाराशी मी. मला आधाराला बोलावलं होतं.

पाहुण्यांनी सरळ विचारलं, "काय करायचं मग?"

मालक घसा साफ करून म्हणाले, "तसं बगायला गेलं तर अडचण न्हाई. त्या घराचं आन आमचं सुतक तुटलेलं हाय. आजोबांपासून."

"तुटलेलं हाय?" पाहुण्यांनी पाय खाली घेतले. "आन मग ती तुळसाक्का? ती कोणत्या घरची?"

मालक खुर्चीसकट कॉम्प्युटरकडं वळले.

"त्याच घरची," नामदेव म्हणाला. तो बिचारा खरं ते सांगत होता. "तुटलं व्हतं ते खरं हाय, पाव्हणे. पण काकांनीच परत जोडलं. डोकं भादरलं सगळ्यात बसून. आप्पा मरोस्तोवर सांगायचे, शहरात जाऊन ह्यानं जोडलं म्हणून."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. इतकी वर्षं ज्याच्या सुतकात रमी खेळलो त्या माणसाला तेव्हा एक शब्द द्यायला हवा होता, पण मला सुचला नाही. खरं तर सुचला होता. धीर झाला नाही.

"जोडलंय तर मग लागतं सुतक," पाहुणे म्हणाले. "आमच्या आईला कळलं तर ती मांडवात पाय ठेवणार न्हाई. आन मी बी कसा ठेवू? त्या टायमाला मी तुमच्या गेटावरून माघारी गेलो, का, तर सुतक. आता पोरीचं आलं तर सुतक न्हाई?"

आतून शीतल आली. हातात मेंदीचा कोन तसाच. "पप्पा, जे हाय ते सांगा. माझ्याकडं बगा आन सांगा. मंगळवारी त्यांची रजा संपायलीय."

मालक खुर्चीवरून उठले. मला वाटलं आत जातात की काय. पण ते त्या खडूच्या रेघेच्या जागी, म्हणजे खोलीच्या मधोमध, येऊन उभे राहिले आणि कुणाकडंच न बघता बोलले. "जोडलं न्हाई मी काही. जोडायचं म्हणून डोकं न्हाई भादरलं. सुट्टी पाहिजे होती मला."

"काय पाहिजे होती?" पाहुण्यांना खरंच कळलं नाही.

"सुट्टी. पंचवीस वर्षं झाले घरात काम करायलोय. ताप आला, लोकं आले. पोरगी दहावी पास झाली, पेढे आणायला निघालो, लोकं आले. जेवताना आले, निजल्यावर आले. एक सुतक म्हणलं की तेवढे येत न्हवते. म्हणून धरलं. तुळसाक्काचं बी तसंच धरलं. माझं चुकलं."

"आरं मग सुट्टी पाहिजे असं सरळ म्हणायचं की!" पाहुणे उसळले. "माणूस काय ऐकत न्हाई का?"

"म्हणलो असतो तर तुमी गेले असते का माघारी?" मालकांनी विचारलं. आवाजात भांडण नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

पाहुणे सेलूला कापसाच्या बाजारात आयुष्य काढलेला माणूस. खोटं बोलायचं तर त्यांना काही अवघड नव्हतं. पण त्यांनी विचार केला, दिवाणाकडं पाहिलं, आणि म्हणाले, "न्हाई. गाडीभाडं खर्चून आलो म्हणलो असतो आन हितंच बसलो असतो."

नामदेव उठला. टोपी घातली, बाहेर गेला, मोटारसायकल चालू केली. सुतकातला माणूस जाताना येतो म्हणत नाही, त्यामुळे तो रीतीनं गेला की कायमचा गेला, हे त्या वेळी कळलं नाही. नंतर कळलं. आप्पांच्या दहाव्याचा निरोप मालकांना आला नाही. चाळीस घरांतलं कुणी पुन्हा कधी फोनवर दुखणं सांगितलं नाही. मालक बाकी कशानं नाही, पण त्यानं खचले. म्हणाले, "साहेब, सुट्टीपायी धरलं हे खरं, पण म्हातारी माणसं फोन करायची ते गोड वाटायचं."

लग्न रविवारी झालं, हे सांगून टाकतो. पाहुण्यांनी बैठकीतच निकाल दिला, "सुतक न्हवतं तर न्हवतं. लग्न ठरल्या दिवशी. पण कुणी विचारलं तर तुमी सांगायचं, मी न्हाई." मालकांनी सांगितलं. दोन दिवस फोनवर सगळ्या सोयऱ्यांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि रविवारपर्यंत परभणी-सेलू-पाथरीच्या समस्त गिऱ्हाइकांना कळलं की या माणसाला सुतक लागत नाही. मांडवात अक्षता पडल्यावर तिघं जण त्यांना बाजूला घेऊन पुढच्या सराईच्या पत्रिकांचा मजकूर सांगत होते, हे मी स्वतः पाहिलं.

पण त्या बुधवारचं अजून राहिलं. पाहुण्यांनी निकाल दिला तसं सगळ्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. शीतल रडायला लागली, पाहुणे साडूची गोष्ट सांगून हसायला लागले, मालकही कसंनुसं हसले. काकूंनी चहा आणला. सगळ्यांना दिला, मला दिला, आणि ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"म्हंजे आपल्या घराला सुतक न्हवतंच?" त्यांनी मालकांना विचारलं.

मालक म्हणाले, "ते झालं आता. जाऊ द्या."

"माझ्या भावाच्या पोरीचं लग्न होतं जिंतूरला. तवा ही तुळसाक्काच गेली होती. एकुलती आत्या मी. हळद माझ्या हातची लागायची होती तिला. तुमी म्हणले, सुतक हाय, जाता येत न्हाई. मी गेले न्हाई. भाऊ फोनवर रडला, तरी गेले न्हाई. साडी पाठवली दुसऱ्याच्या हातानं."

मला तो दिवस आठवला. काकू जिन्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत साडी घेऊन उभ्या होत्या, जिंतूरला जाणारं कुणी भेटतंय का बघत. मी वरून विचारलं होतं, काय काकू, कुणाची वाट बघता, आणि उत्तर ऐकायला थांबलो नव्हतो. माझी पानं लागत आली होती. इतकी वर्षं मी या माणसाच्या रजेचा हिशेब करून हसत होतो आणि त्याच घरात दुसरं एक माणूस बिनरजेचं राबतंय, तेच माणूस या प्रत्येक रजेला घरात अडकून पडतंय, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"त्या दिवशी तुमी दोघं वर पत्ते खेळत होता," काकू म्हणाल्या. मग त्या माझ्याकडं वळल्या. "भाऊ, तुमाला ठाऊक होतं का, सुतक न्हाई म्हणून?"

खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. पंख्याकडं बघून या वेळी भागलं नसतं.

"होतं," मी म्हणालो.

काकूंनी माझ्या हातातला कप काढून घेतला, ट्रेमध्ये ठेवला आणि त्या आत गेल्या. चहा मी अजून अर्धाच घेतला होता.